पहिला हँडी: स्वस्तातला की चांगल्यातला?

लहरी
परवान्याची परीक्षा पास होऊन कॉलसाइन (रेडिओवरची ओळख) मिळाला की नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, विचारतो, "कुठला हँडी (हातात धरायचा रेडिओ सेट) घेऊ?" उत्तर ठरलेलं: "बाओफेंगचा स्वस्तातला यूव्ही-५आर घे, पडला-फुटला तरी जीव हळहळणार नाही."

मला हा सल्ला अजिबात पटत नाही. काही ऐकू आलं नाही तर दोष रेडिओचा, अँटेनाचा की रिपीटरच (आपला सिग्नल उंचावरून पुन्हा पाठवणारं केंद्र) बंद आहे, हे मुरलेल्या माणसाला लगेच कळतं. नवख्याला कळत नाही, म्हणून त्याच्याच हातात भरवशाचा सेट हवा. यूव्ही-५आरचा जवळपास सगळा रिसीव्हर एका चिपमध्ये आहे आणि त्याच्यापुढचे फिल्टर अगदी जेमतेम. घरात ठीक चालतो. पण उंचावर, प्रसारणाच्या मनोऱ्यांजवळ गेलात की शेजारच्या दणदणीत सिग्नलने तो बहिरा होतो. समोरचा माणूस बोलतोय आणि आपला स्पीकर गप्प! येसूच्या एफटी-६० सारखा सुपरहेट (सिग्नल टप्प्याटप्प्याने गाळणारा) सेट तिथे बराच तग धरतो. हँडी घेऊन माणूस उंचावरच जाणार ना?

खरखर_गुरुजी
असहमत. नवख्याला पुढे काय आवडेल हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. कुणी मोर्सकडे वळतो, कुणी एचएफकडे (लघुलहरींकडे), आणि हँडी कपाटात जातो. त्यासाठी इतका खर्च कशाला?

आणि पल्ला ब्रँड ठरवत नाही. दीड मीटर उंचीवर धरलेल्या अँटेनाचं रेडिओ क्षितिज साधारण ५ किलोमीटर. दोघं सपाट मोकळ्या मैदानात उभे असले तर १०. पुढे रिपीटर हवा किंवा उंची. उलट ४०० किलोमीटर वरून जाणारं अंतराळ स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं तेव्हा हाच स्वस्त सेट ते ऐकवतो, कारण मध्ये आडवं काही येत नाही.

वाचलेले पैसे अँटेनात घाला. २ मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) पाव तरंगलांबी सुमारे ५० सेंटीमीटर होते आणि सेटसोबत येतं वीतभर रबरी शेपूट. लांब लवचिक अँटेना लावा. शिवाय ४९ सेंटीमीटरची साधी वायर अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला जोडून खाली लोंबती सोडा. तुटक येणारा आवाज बऱ्याचदा सलग होतो. याला टायगर टेल म्हणतात.

नवा_कॉलसाइन
पाच वॅटऐवजी दहा वॅटचा घेतला तर?

खरखर_गुरुजी
दुप्पट शक्ती म्हणजे ३ डेसिबल, समोरच्याच्या सिग्नल-मीटरवर अर्धा एस-युनिट, म्हणजे जेमतेम अर्धं घर. बॅटरी मात्र भराभर उतरेल.

मेनू_२५
दोघेही पल्ल्यावर भांडताय, नवखा अडतो प्रोग्रॅमिंगला. यूव्ही-५आरवर एक रिपीटर हाताने भरून बघा. मेनू २५ मध्ये शिफ्टची दिशा (रिपीटर ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो तिच्या वर ऐकतो की खाली), २६ मध्ये ऑफसेट (किती अंतरावर), १३ मध्ये सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडणारा खालचा सूर), मग २७ मध्ये मेमरी. टोन राहिला की तुम्ही दिवसभर बटण दाबून बोला, रिपीटर ढिम्म उघडणार नाही. एफटी-६० मध्ये शिफ्ट आपोआप लागते, टोन तेवढा आपण भरायचा.

संगणकावरून हे सगळं भरणारं चर्प हे सॉफ्टवेअर फुकट आहे, दोन्ही सेटांना चालतं. केबल मात्र बघून घ्या. नकली प्रोलिफिक यूएसबी चिपची निघाली तर ड्रायव्हरशी झटापट ठरलेली.

(अवांतर: डिजिटल सेट घेणार असाल तर डीएमआर, डी-स्टार, सी४एफएम या पद्धतींना एकमेकांची भाषा कळत नाही. आसपासचे रिपीटर कुठल्या पद्धतीचे आहेत ते आधी विचारा.)

लहरी
अँटेनाबद्दल गुरुजींना +१. ती कुठल्याही सेटला लावता येते, मग चांगल्या सेटलाच लावू की!

पण आपला सेट बाहेर काय सोडतो त्याचं काय? १४५ मेगाहर्ट्झची तिप्पट ४३५, म्हणजे तिसरा हार्मोनिक (मूळ सिग्नलच्या पटीत निघणारा नको असलेला सिग्नल) थेट हॅमच्याच ७० सेंटीमीटर बँडमध्ये. तिथे कुणीतरी बारीक सिग्नल कान देऊन ऐकत असतो. अमेरिकेच्या एआरआरएल या हॅम संघटनेने मेळाव्यांत हँडी मोजले तेव्हा बाओफेंगचे बरेच नग अशा नको असलेल्या सिग्नलच्या मर्यादेबाहेर निघाले. परवाना आपल्या नावावर आहे, कंपनीच्या नाही.

खरखर_गुरुजी
हा मुद्दा मान्य, पण अर्धाच. नगानगांत फरक असतो, सगळे वाईट नसतात. टायनीएसएसारखा छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल ते दाखवणारं यंत्र) घ्या, मध्ये सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर लावा (नाहीतर पाच वॅट थेट आत जाऊन यंत्रच जळेल) आणि मोजा. मर्यादेत असला तर वापरा.

लहरी
म्हणजे स्वस्त सेट ठीक आहे का हे बघायला आधी ॲनालायझर आणि ॲटेन्युएटर घ्यायचा. गुरुजी, आता दोन्हीकडची बेरीज करून सांगा.