वजनाचा त्रास काट्यावर दिसतो का?

धायरीची ताई:
कालच्या मधुमेहाच्या धाग्यावर पर्वतीकरांनी लिहिलं, "वजनानं आयुष्य किती बिघडलं हे विचारायला प्रश्नावल्या कशाला? काटा आहे, उंचीच्या मानानं वजन सांगणारा बीएमआय आहे. बाकी सगळे लाड." फार लागलं ते, म्हणून वेगळा धागा काढते.

मी ती प्रश्नावली भरली आहे. आयडब्ल्यूक्यूओएल-लाइट. 31 प्रश्न: हालचाल, स्वतःबद्दलचं मत, लैंगिक आयुष्य, चारचौघांतला संकोच, काम. गुण शंभरपैकी, जास्त तितकं बरं. सार्वजनिक ठिकाणी खुर्चीत मावेन की नाही याची धास्ती वाटते का, या प्रश्नावर माझं पेन थांबलं. मागच्या वर्षी नाटकाला गेले होते. खुर्चीचे हात दोन्ही मांड्यांत रुतलेले. मध्यंतरात सगळे वडा खायला उठले, मी बसून राहिले. उठताना अडकले तर मागची रांग बघेल, ही भीती. घरी येऊन पाहिलं तर दोन्हीकडे लाल वळ. माझा बीएमआय 34. धाकट्या जावेचाही जवळपास तेवढाच, आणि ती रोज पर्वती चढते. काटा आमच्यातला फरक कसा सांगणार?

पर्वतीकर:
तुमचा त्रास खोटा म्हणत नाही. पण आजार विचारून कळत नाही. माझा धाकटा भाऊ काटकुळा, हसतमुख. त्याला ही प्रश्नावली दिली असती तर शंभरपैकी शंभर. साखर 380 निघाली आणि पायाचं बोट काढावं लागलं. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांचा 2004 चा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला फोटो आठवा. ते आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय 22.3. चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. यातलं काय प्रश्नावलीत येणार होतं?

कर्वेनगरकर:
काका, याच उदाहरणानं तुमचा बीएमआयसुद्धा मोडीत निघतो. काल त्याच्याच जोरावर बोलत होतात.

पर्वतीकर:
बरं, बीएमआय अपुरा. मग कंबर मोजा, रक्त तपासा. "कसं वाटतं" हे मोजमाप नव्हे.

कसब्यातली सून:
मला वेगळंच म्हणायचंय. त्यात पायावर पाय टाकताना त्रास होतो का, असा प्रश्न आहे. आमच्याकडे पायावर पाय टाकून बसतं कोण? मांडी घालता येते का, विचारा. भारतीय संडासात बसून उठता येतं का, विचारा. पहिल्या मंगळागौरीला मला पाटावर बसवेना, तेव्हा सासूबाईंनी सगळ्या बायकांसमोर मोठ्यानं खुर्ची मागवली. अकरा वर्षं झाली. अजून पूजेचं बोलावणं आलं की आधी विचारते, खाली बसायचंय का.

कर्वेनगरकर:
खुर्ची तरी कसली मिळते? लग्नात ती हातवाली प्लास्टिकची. माझ्या वडिलांच्या खाली एकीचा पाय फाकला आणि पोरं हसली. तेव्हापासून ते पंगतीला येत नाहीत. दोष वजनाचा नाही, खुर्चीचा आहे.

पर्वतीकर:
म्हणजे आता गावातल्या खुर्च्या बदलायच्या, वजन नाही?

कर्वेनगरकर:
हो, बदलायच्या! वजन उतरायला दोन वर्षं लागतील, तोवर माणसानं उभं राहायचं का? तुमच्या वडिलांना कुणी हसलं असतं तर असं विचारलं असतंत?

कसब्यातली सून:
बसचं पण तेच. दोघांच्या बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी असली तरी लोक उभे राहतात. हे मी रोज बघते.

पर्वतीकर:
आवाज चढवू नका. वडिलांचं वाचून वाईट वाटलं. एवढं मानतो, की ही माणसं पंगत सोडतात हे माझ्या रक्ततपासणीत येणार नाही. "लाड" हा शब्द मागे घेतो. पण नुसत्या प्रश्नावलीवर समाधान मानून साखर न तपासणारे मी पाहिलेत, ते मागे घेणार नाही.

धायरीची ताई:
तेही खरं, भावाचं वाचून मान्य करावंच लागतं. माझी साखर मी तीन वर्षांत तपासलेली नाही. सोमवारी उपाशीपोटी जाते. कर्वेनगरकर, तुमच्या वडिलांना सांगा, आमच्याकडे पुढच्या महिन्यात मुंज आहे. बिनहाताच्या लोखंडी खुर्च्या मी स्वतः बसून बघून मागवल्यात. त्यांनी यायचंच.