ग्रॅव्हिटी मॉडेलमध्ये एमएफएन आयातशुल्काचा परिणाम कसा मोजावा?

प्रश्न:
देशांच्या जोड्यांमधील वार्षिक निर्यातीच्या आकडेवारीवर मी स्ट्रक्चरल ग्रॅव्हिटी मॉडेल (देशांच्या आर्थिक आकाराबरोबर व्यापार वाढतो आणि अंतराबरोबर घटतो, असे मांडणारे समीकरण) वापरत आहे. निर्यातदार-वर्ष आणि आयातदार-वर्ष हे दोन्ही फिक्स्ड इफेक्ट (प्रत्येक देशाला प्रत्येक वर्षासाठी दिलेला वेगळा स्थिरांक) घातले की सर्व भागीदारांना सारखेच लागणारे एमएफएन (मोस्ट फेव्हर्ड नेशन) शुल्क समीकरणातून गळून पडते. हे इफेक्ट काढून त्यांच्या जागी दोन्ही देशांचा जीडीपी ठेवला तर चालेल का?

उत्तर १:
चालणार नाही. अर्थतज्ज्ञ टिनबर्गेन यांच्या 1962 च्या मूळ ग्रॅव्हिटी समीकरणाचा गाभा उत्पन्न आणि अंतर हाच होता; परंतु दोन देशांमधील व्यापार त्या दोघांच्या इतर सर्वांशी असलेल्या अडथळ्यांवरही अवलंबून असतो, हे अँडरसन आणि व्हॅन विनकूप यांनी 2003 मध्ये दाखवले. आकार आणि अंतर सारखे धरल्यास कॅनडाच्या प्रांतांचा आपसांतील व्यापार अमेरिकी राज्यांशी होणाऱ्या व्यापाराच्या सुमारे 22 पट असल्याचे मॅककॅलम यांना 1995 मध्ये आढळले होते. इतर सर्वांशी असलेल्या अडथळ्यांचा हा ‘बहुपक्षीय प्रतिरोध’ हिशेबात घेताच तो आकडा बराच खाली आला. आपले फिक्स्ड इफेक्ट नेमका तोच प्रतिरोध टिपतात, म्हणून ते राहू द्यावेत आणि आकडेवारीत प्रत्येक देशाचा स्वतःशी होणारा, म्हणजे देशांतर्गत, व्यापार जोडावा. देशी मालावर आयातशुल्क नसल्यामुळे त्या ओळींत शुल्क शून्य येते, एकाच आयातदार-वर्षात फरक निर्माण होतो आणि शुल्काचा गुणक (परिणामाचा आकडा) काढता येतो. मात्र तो परिणाम देशी विक्रीच्या तुलनेतला आहे, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे. जागतिकीकरणाचा सर्वसाधारण कल शुल्काच्या खात्यावर जमा होऊ नये, यासाठी सीमा आणि वर्ष यांच्या गुणाकाराचे डमीही (व्यापार सीमेपलीकडचा असेल तर त्या वर्षासाठी 1, नाहीतर 0 असे चल) घालावेत.

उत्तर २:
देशांतर्गत व्यापार जीडीपीतून निर्यात वजा करून काढू नये. ही चूक फार सर्रास दिसते. जीडीपी म्हणजे मूल्यवर्धन, तर निर्यात ढोबळ मूल्यात मोजली जाते, त्यामुळे सिंगापूरसारख्या देशात वजाबाकी ऋण येऊ शकते. त्याऐवजी त्या क्षेत्राच्या ढोबळ उत्पादनातून एकूण निर्यात वजा करावी. पुनर्निर्यात मोठी असेल तिथे एवढ्यानेही भागत नाही. ती आधी वेगळी काढावी लागते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. माझ्या आकडेवारीत शून्य व्यापाराच्या ओळी बऱ्याच आहेत. लॉग घेण्यापूर्वी त्या वगळू का?

उत्तर १:
लॉगच घेऊ नये. सँटोस सिल्व्हा आणि तेनरेरो यांनी 2006 मध्ये सुचवलेली पॉइसॉन पद्धत, म्हणजेच पीपीएमएल, वापरल्यास शून्ये तशीच राहतात आणि विषम विचरणामुळे (चुकांचा विस्तार सर्व ओळींत सारखा नसल्यामुळे) लॉग समीकरणाच्या अंदाजात येणारी एकांगी चूकही टळते.