विषय: लग्नात म्हणायची स्वतः लिहिलेली वचनं

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगा शहापूरचा मराठी, मुलगी गोकाकची कन्नड, तर स्वतः लिहिलेली वचनं कुठल्या भाषेत म्हणायची आणि ती कायद्याला चालतात का.

कायद्याची काळजी नको. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर एकमेकांना उद्देशून एक ठरावीक वाक्य म्हणावं लागतं, तेही दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत. बाकी समारंभ तुमच्या मनासारखा. त्यासाठी तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, एवढं लक्षात ठेवा. धार्मिक पद्धतीने केलंत तर सप्तपदी नीट होऊ द्या आणि वचनं त्यानंतर म्हणा.

आणि हे काही नवं खूळ नाही. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक लग्नात भटजीशिवाय वधूवरांनाच मराठीत एकमेकांशी बोलायला लावलं होतं. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

माझ्या मावसबहिणीच्या लग्नात, खानापूरला, नवऱ्याने माईक हातात घेऊन सांगितलं, "तुला विचारल्याशिवाय कुणाला जामीन राहणार नाही, आणि तुझ्या आईच्या औषधपाण्याला तू माझी परवानगी मागायची नाहीस." मांडवातल्या बायका ताठ बसून ऐकत होत्या. वचन असं हवं, उद्या बोट दाखवून विचारता येईल असं. 'सुखात ठेवीन' म्हणायला काय लागतं?

भाषेचं म्हणाल तर मुलाने कन्नडमध्ये आणि मुलीने मराठीत म्हणावं असं मला मनापासून वाटतं. दोन्हीकडच्या आज्यांना कळलं पाहिजे. चार-पाच ओळी पुरेत, आणि भटजींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते पुढचा विधी सुरू करतात.