मदत हवी आहे : पृथ्वीच्या चुंबकत्वावरची मोटर ब्रश लावले की अडते

नमस्कार मंडळी,

मी चुंबक न वापरता छोटी मोटर बनवतोय. चुंबकाच्या जागी पृथ्वीचंच चुंबकीय क्षेत्र. फुकटची ऊर्जा नकोय, ऊर्जा बॅटरीचीच. पण फॅरेडेने १८२१ च्या डिसेंबरात नुसत्या पृथ्वीच्या चुंबकत्वाने तार हलवली होती हे वाचलं, तेव्हापासून ते स्वतःच्या हाताने करून बघायची ओढ लागली आहे.

हलक्या लाकडाची १५ सेंमी बाजूची चौकोनी चौकट, तिच्यावर ०.३ मिमीच्या एनॅमल तारेचे १०० फेरे. आस उभा, खाली सुईचं टोक काचेवर टेकलेलं. ६ मिमी जाड नळीवर तांब्याच्या दोन पट्ट्या चिकटवून कॉम्युटेटर (दर अर्ध्या फेऱ्याला प्रवाह उलटवणारा भाग) केलाय, त्याला टेकून वीज देणारे ब्रश पितळी पत्तीचे. साडेसात व्होल्टला अर्धा अँपिअर प्रवाह जातो. पृथ्वीचं आडवं क्षेत्र ४० मायक्रोटेस्ला धरलं तर टॉर्क (फिरवणारा जोर) येतो ४५ मायक्रोन्यूटन-मीटर, म्हणजे आसापासून सेंटिमीटरभर अंतरावर अर्धा ग्रॅमही नाही.

ब्रश काढून बारीक लोंबत्या तारांनी वीज दिली की चौकट वळते आणि पूर्व-पश्चिम होऊन झुलत झुलत थांबते. प्रवाह उलटा केला की अर्धा फेरा घेते. तो क्षण बघताना खरंच अंगावर काटा येतो. ब्रश लावले की मात्र ढिम्म.

जोर वाढवायला फेरे २०० केले, बॅटरी तीच. उलट आणखी सुस्त झाली. हे का? आत लोखंडी गज घालून बघू का?

प्रतिसाद १

फेरे दुप्पट केलेत तेव्हा तारेचा रोधही दुप्पट झाला, प्रवाह निम्म्यावर आला. फेरे गुणिले प्रवाह तेवढाच राहिला, वजन तेवढं वाढलं. त्याच बॅटरीवर जोर हवा असेल तर तार जाड घ्या किंवा चौकट मोठी करा. बाजू दुप्पट केली की टॉर्क दुप्पट होतो. जाड तार प्रवाह जास्त ओढेल, गरम होतेय का बघत राहा.

पण तुमचा खरा शत्रू ब्रश आहे. पितळी पत्ती वीस ग्रॅमने जरी दाबत असेल तरी ३ मिमी त्रिज्येवर दोन ब्रशचं घर्षण तुमच्या टॉर्कच्या कित्येक पट होतं. कॉम्युटेटर २ मिमी जाडीचा करा. पत्तीऐवजी लवचीक वायरीतले तांब्याचे दोन-चार केस वापरा, नुसते टेकतील इतकेच.

गज आत्ता नको. उपग्रहाची दिशा वळवायला अशाच गुंडाळ्या वापरतात, काहींत गाभाही असतो, पण प्रवाह थांबताच चुंबकत्व जवळजवळ सोडून देणाऱ्या मिश्रधातूचा. साधा गज ते थोडं धरून ठेवतो आणि प्रवाह उलटताना तेच आडवं येतं.

टेबलाखाली लोखंडी पाय किंवा जवळ स्पीकर नाही ना, तेही होकायंत्र फिरवून पाहा.

धागाकर्ता

मनापासून आभार! १०० फेऱ्यांवर परत आलो, कॉम्युटेटर रिफिलच्या टोकावर बांधला, ब्रश वायरीच्या केसांचे केले. सलग अकरा फेरे फिरली! थांबते ती दरवेळी पूर्व-पश्चिमच, जिथे प्रवाह उलटतो तिथेच अडकते. काटकोनात दुसरी गुंडाळी लावून कॉम्युटेटरचे चार भाग करायचा विचार आहे. २ मिमीवर चार पट्ट्या एकमेकींना न चिकटता कशा बसवायच्या? कुणी केलंय का?