अनुभव धागा: २०१५ चा ब्योमकेश तुम्हाला कसा भेटला?

दिबाकर बॅनर्जींचा 'डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्षी!' एप्रिल २०१५ मध्ये लागला, फारसा चालला नाही आणि गेला. तरी शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या बंगाली कथांमधल्या या गुप्तहेराचा, ब्योमकेशचा, विषय निघाला की आजही आमच्याकडे दोन तट पडतात. मी चित्रपटाच्या बाजूने. नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला, आगाऊ, वाट्टेल ते तर्क तोंडावर फेकणारा ब्योमकेश मला पटला. पुढे त्याचा साथीदार होणाऱ्या अजितच्या बेपत्ता वडिलांबद्दल तो इतकं कोरडेपणाने बोलतो की अजित त्याच्या कानाखाली वाजवतो! सत्य शोधण्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते, हे तिथेच कळतं. तुमचे अनुभव लिहा. खुनी कोण ते मात्र कृपया फोडू नका.

दादरहून
माझा ब्योमकेश म्हणजे रजित कपूर. १९९३ ची बासू चटर्जींची दूरदर्शन मालिका आम्ही सगळं घर मिळून बघायचो. के. के. रैनांचा अजित, आपल्या सुकन्या कुलकर्णींची सत्यवती, म्हणजे ब्योमकेशची बायको. शांतपणे चहा पीत विचार करणारा माणूस डोक्यात इतका पक्का बसला होता, की सुशांत सिंग राजपूतला धोतरात धावाधाव करताना बघून मध्यंतरापर्यंत मी वैतागलेलेच होते. आणि शेवटचा रक्तपात! तो अजूनही पचलेला नाही. शरदिंदूंच्या कथांमध्येही खून होतात, पण त्यांत मजा असते ती उलगड्याची. नीरज कबींचं काम मात्र अप्रतिम. ब्योमकेश राहायला जातो त्या मेसचे (राहण्या-जेवणाच्या लॉजचे) डॉक्टर अनुकूल गुहा इतक्या आपुलकीने बोलतात की आपणही त्या पंगतीत जाऊन बसावं.

कोलकात्याहून (मूळचा साताऱ्याचा)
बदलीमुळे इथे आलो आणि ऑफिसातल्या बंगाली मित्रांबरोबर थिएटरात पाहिला. त्यांची पहिली तक्रार हीच, की 'सत्यान्वेषी' ही मूळ कथा १९२४-२५ च्या सुमारास घडते, ती १९४२-४३ मध्ये कशाला ढकलली? कथेत ब्योमकेश अतुलचंद्र मित्र या खोट्या नावाने मेसमध्ये येऊन राहतो आणि अजितला बराच वेळ पत्ताच लागत नाही. चित्रपटात अजितच त्याला कामाला लावतो. कथेत कोकेन आहे, चित्रपटात अफू.

मला तो बदल आवडला. डिसेंबर १९४२ मध्ये जपानी विमानांनी कोलकात्यावर खरोखर बाँब टाकले होते, लोक शहर सोडून पळत होते. चित्रपटातला हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की त्या भीतीचा अंदाज येतो. अशा शहरात कोण कुणाचा माणूस हे कळणं मुश्कील, म्हणजे हेरगिरी आणि खून एकाच गोष्टीत बसतात. मित्रांना काही हे पटलं नाही. घरी येईपर्यंत वाद चालू होता.

नागपूरहून
सुशांतसाठी पाहिला होता. तो गेल्यावर परत पाहिला तेव्हा त्याने किती मेहनत घेतली होती ते दिसलं: खांदे किंचित पाडून चालणं, प्रश्न विचारताना पुढे झुकणं. पुढचा भाग यायलाच हवा होता.

ठाण्याहून
संगीताबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? स्नेहा खानवलकरबरोबर बरेच बँड आहेत, आणि १९४३ च्या ट्रामवर आजचं रॉक वाजतं. आमच्या ग्रुपमध्ये यावरून कडाक्याचं भांडण झालं. मला विचाराल तर तीच चित्रपटाची खरी हिंमत आहे. जुन्या काळाला जुनीच गाणी लावली असती, तर आपण ते सगळं प्रदर्शनात ठेवल्यासारखं लांबून पाहिलं असतं. आणि पटकथेत दिबाकरबरोबर ऊर्मी जुवेकर आहेत, त्यांचं नाव कुणीतरी घ्यायलाच हवं.

पुण्याहून
मला चित्रपटाने मूळ कथांकडे नेलं. सत्यवती चित्रपटात भेटते, पण 'अर्थमनर्थम्' या कथेत ब्योमकेश तिच्यापुढे कसा अडखळतो ते वाचाच. वाचता वाचता लेखकाबद्दल शोधलं आणि उडालोच. शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. मधली बरीच वर्षं त्यांनी ब्योमकेश बाजूला ठेवला होता. १९५० नंतर तो पुन्हा सुरू केला आणि १९७० मध्ये जाईपर्यंत लिहीत राहिले. म्हणजे कोलकात्यात हॅरिसन रोडवर असलेल्या ब्योमकेशच्या बिऱ्हाडाच्या कितीतरी गोष्टी आपल्या पुण्यात लिहिल्या गेल्या! शिवाय शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टीही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्यात. त्यांचा मराठी अनुवाद कुणाकडे असेल तर इथे नक्की सांगा, माझ्या भाच्याला वाचून दाखवायच्या आहेत.