एचटीबीटीला परवानगी द्या, पण बियाणं सरळ वाणात द्या

काळी कसदार (अकोट)

मृग तोंडावर आला की आमच्या भागात कपाशीची दोन प्रकारची पाकिटं निघतात. एक कृषी केंद्राच्या काउंटरवर मिळतं: बीजी-२ (बोंडअळी मारणाऱ्या जनुकाचं बीटी बियाणं), सरकारने बांधून दिलेला भाव (२०२४ ला ८६४ रुपये), पक्कं बिल. दुसरं कुणाच्या तरी मोटारसायकलवरून घरपोच येतं. भाव बराच जास्त, बिल नाही, लॉट नंबरचा पत्ता नाही. त्याला कुणी एचटीबीटी (तणनाशक सहन करणारी बीटी) म्हणतं, कुणी चोरबीटी. ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तर तण जळतं आणि कपाशी उभी राहते. सरकारची परवानगी नाही, तरी ती शिवारात आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने आमच्याच तालुक्यात अकोली जहाँगीरला हे बियाणं उघडपणे लावलं. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तेव्हा ५ वर्षं कैद आणि १ लाख दंडाची तरतूद होती. तरी लोक लावायला आले, कारण निंदणाचा खर्च ज्याच्या अंगावर पडतो त्यालाच त्याची झळ कळते.

बंदीने बियाणं थांबलं नाही, फक्त शेतकऱ्याची दाद बंद झाली. उगवण झाली नाही तर तक्रार कुणाकडे करायची? पाकिटात खरंच कोणतं जनुक आहे, हे सांगणारं कुणी नाही. मागे आमच्या गावात एकाने असंच बियाणं लावलं, भरवशाने तणनाशक मारलं आणि चार दिवसांत तणासोबत अर्धी कपाशीही करपली. तो पोलिसांत जाऊ शकला नाही.

म्हणून दोन मागण्या आहेत. पहिली, चाचण्या पूर्ण करून निर्णय द्या. दुसरी त्याहून मोठी: हे जनुक संकरित वाणात कोंडू नका, सरळ वाणात द्या, म्हणजे घरची सरकी पुढच्या वर्षी लावता येईल. जगात बहुतेक ठिकाणी बीटी कपाशी सरळ वाणांची आहे. आपल्याकडेच ती जवळजवळ सगळी संकरित आहे आणि दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं.

डवरा (यवतमाळ)

काळीभाऊ, दुसऱ्या मागणीला माझा विरोध नाही. पहिलीला आहे, ठाम आहे.

हेच सगळं आम्ही २००२ मध्ये ऐकलं होतं. २६ मार्च २००२ ला केंद्राच्या समितीने जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. फवारणी संपली असं सांगितलं गेलं. २००६ मध्ये बीजी-२ आलं, दोन जनुकांचं, आता अळीला तोडच नाही म्हणे. २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात काय झालं? डोमकळ्या (न उमलता मिटून राहिलेली फुलं) दिसायला लागल्या, बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापूस कवडी. वेचायला मजूर लावावा तर मजुरीही सुटेना. आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ज्या बियाण्याने फवारणी संपणार होती, त्याच बियाण्याच्या शेतात माणसं फवारताना मेली.

नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी ग्लेन स्टोन यांच्यासोबत २०२० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. वीस वर्षांची आकडेवारी लावून त्यांनी दाखवलं की उत्पादनवाढीचं मोठं श्रेय खतं आणि इतर गोष्टींकडे जातं, आणि शेतकरी आता कीटकनाशकांवर बीटी येण्याच्या आधीपेक्षा जास्त खर्च करतोय.

आता अळीच्या जागी तण ठेवा. अमेरिकेत जॉर्जियात २००५ मध्येच ग्लायफोसेटला न जुमानणारा रानराजगिरा सापडला. आपल्याकडे किती वर्षं लागतील? तण दाद देईनासं झालं की डबल डोस, मग दुसरं तणनाशक, आणि पाठीवर पंप असलेला माणूस तोच.

प्रयोगशाळेतून (पुणे)

डवरा यांचा राग रास्त आहे, पण तो जनुकावर निघतोय. म्हणून आधी हे जनुक रोपात जातं कसं ते सांगते.

मातीत अॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू असतो. तो झाडाच्या जखमेतून शिरतो आणि आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो, त्यामुळे तिथे गाठ येते. म्हणजे जनुक पोचवण्याची कला त्याच्याकडे निसर्गतःच आहे. शास्त्रज्ञांनी गाठ आणणारी जनुकं काढून टाकली आणि त्या जागी हवं ते जनुक ठेवलं. कपाशीत हे काम कोकर ३१२ नावाच्या अमेरिकी वाणावर झालं. ते वाण शेतात फार गुणाचं आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या पेशींपासून काचेच्या बशीत पुन्हा पूर्ण रोप उभं राहतं म्हणून. बहुतेक कपाशीच्या वाणांना ते जमत नाही. रोपाच्या कोवळ्या देठाचे तुकडे जिवाणूसोबत ठेवायचे, मग प्रतिजैविक घातलेल्या माध्यमावर वाढवायचे (हव्या जनुकाला प्रतिजैविक सोसणारं जनुकही जोडलेलं असतं). ज्या पेशींत जनुक गेलं त्याच जगतात. त्यांतून रोप तयार झालं की आपल्याकडच्या वाणांशी पिढ्यान् पिढ्या संकर करत जायचं, शेवटी वाण आपलं आणि जनुक तेवढं नवं.

बीटीचं जनुकही मातीतल्याच एका जिवाणूचं, बॅसिलस थुरिंजिएन्सिसचं. त्याचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं, तिथल्या विशिष्ट जागी चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. आपल्या पोटात आम्ल असतं आणि चिकटायला ती जागाच नसते.

आता डवरा यांच्या मुद्द्यावर येते. हीच गुलाबी बोंडअळी अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कपाशीतून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. ॲरिझोनात तेच बीटी वापरलं. पण जोडीला विमानातून वंध्य पतंग सोडले, पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावले, हंगाम संपताच पऱ्हाटी गाडली. आपण? पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीची पुडी यायची, रेफ्युजी म्हणून, म्हणजे बीटीला न जुमानणारी अळी वाढू नये यासाठी, बांधाने लावायची. किती शिवारांत ती लावली गेली? जिथे ओलिताची सोय तिथे फरदड (हंगाम संपल्यावरही ठेवलेली कपाशी) जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी. अळीला वर्षभर खायला आपणच दिलं.

डवरा (यवतमाळ)

ताई, पुडी लावली नाही हे खरं, पण दोष शेतकऱ्यावर ढकलू नका. दोन एकरवाल्याने आपल्या पाचव्या हिश्श्यात अळीला खाऊ घालायचं, तेही शेजारी लावत नसताना? त्या पुडीतल्या सरकीचा कालावधी मुख्य वाणाशी जुळायचाच असं नाही, उगवणीचाही भरवसा नव्हता. हे माहीत असूनही कागदावर नियम लिहिला आणि मोकळे झाले. ॲरिझोनात पूर्ण राज्याचा कार्यक्रम एका यंत्रणेने चालवला. आमच्या तालुक्यात कृषी सहायकाकडे किती गावं असतात ते विचारा.

फरदडीचंही तसंच. संकरित वाण लांब मुदतीचे, १६०-१८० दिवसांचे. शेवटची बोंडं येतात तेव्हा अळीचा जोर असतो. वाण लवकर संपणारा असता तर दिवाळीनंतर उलंगवाडी झाली असती.

तणनाशक सहन करणारी कपाशी आली तर तिचे नियम कोण पाळून घेणार? ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरायचं. मग कपाशीच्या उभ्या पिकात ते शेतकऱ्याने मारावं यासाठी बियाणं मंजूर कसं करणार?

सेलूची लेक (वर्धा)

मी निंदणाला जात जात मोठी झाले, आता स्वतःचं चार एकर आहे. दोन्ही बाजूंनी बोलते.

जुलैच्या झडीत आठ-आठ दिवस वापसा होत नाही. डवरा (कोळपणीचं औत) चालत नाही. तण कपाशीच्या वर जातं. वाकून वाकून कंबर राहत नाही, हाताला चिखल्या होतात, गवतात काय दिसतं आणि काय नाही. हे काम जपून ठेवावं असं ज्यांना वाटतं त्यांनी एक ओळ निंदून पाहावी. आणि पाऊस उघडला की सगळ्यांना एकाच दिवशी बाया हव्या असतात, तेव्हा पैसे देऊनही मिळत नाहीत.

पण दुसरी बाजूही खरी. जिला शेत नाही तिची खरिपातली हक्काची मजुरी निंदणाचीच. एचटीबीटी आलं की ती पहिल्यांदा जाते. वेचणी राहते, पण ती दिवाळीच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये चूल कशावर पेटवायची? धाग्यात आतापर्यंत कुणी हे विचारलं नाही.

रोज दूध पिणारा (ठाणे)

शहरातून वाचतोय. आम्ही हे खातो का? २०१० मध्ये बीटी वांग्यावर स्थगिती आली तेव्हा वाटलं विषय संपला.

प्रयोगशाळेतून (पुणे)

खाता. सरकीचं तेल खाद्यतेलात जातं आणि सरकीची पेंड गाई-म्हशींना. त्या पेंडीतलं प्रथिन जनावराच्या पोटात इतर प्रथिनांसारखंच पचतं, म्हणून दुधाची भीती नको. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यासाठी १२ लाख टन जीएम (जनुक बदललेली) सोयापेंड आयात करायला केंद्राने परवानगी दिली होती. इथल्या सोयाबीनवाल्याला जीएम लावायची बंदी आणि बाहेरच्या जीएम पेंडीला दार उघडं, यावर मराठवाड्यातला शेतकरी चिडला तो बरोबर चिडला. मधुमेहींचं इन्सुलिनही १९८२ पासून असंच, माणसाचं जनुक घातलेल्या जिवाणूंकडून बनतंय. आणि वांग्यावर इथे स्थगिती असली तरी बांगलादेशाने ते २०१३ मध्ये मंजूर केलं, तिथले शेतकरी लावतात.

प्राण्यांत गोष्ट वेगळी. अमेरिकेत २०१५ मध्ये लवकर वाढणाऱ्या जीएम सामन माशाला परवानगी मिळाली. दुसऱ्या जातीच्या सामनचं वाढीचं संप्रेरक त्यात बारमाही चालू राहतं. तो मासा बंदिस्त टाक्यांतच वाढवायचा, माद्या वंध्य ठेवायच्या, अशा अटी होत्या. तरी धंदा काही टिकला नाही, कंपनीने २०२४ च्या अखेरीस तो गुंडाळला.

लेबल मात्र असायलाच हवं, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

बीजोत्पादक (जालना)

या धाग्यात बियाणे उद्योगाची बाजू कुणी मांडली नाही, मी मांडतो. सरळ वाण द्या म्हणणं सोपं आहे. शेतकऱ्याने एकदा बियाणं घेतलं आणि पुढे घरचंच लावलं, तर एका जनुकाच्या वर्षानुवर्षांच्या चाचण्यांचा खर्च कोण देणार? सुरुवातीला ४५० ग्रॅमचं पाकीट १६०० च्या आसपास होतं, ते महाग होतं हे मान्य. पण २०१६ पासून सरकारने भाव बांधला, तंत्रज्ञानाची रॉयल्टी ४९ रुपयांवरून उतरत २०२० मध्ये शून्यावर आणली. परिणाम काय? बीजी-२ च्या पुढची पिढी अधिकृतपणे आपल्याकडे आलीच नाही. तणनाशक-सहनशील कपाशीचा अर्जही कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला होता. मोबदला नसेल तर कुणी येणार नाही, मग चोरबीटीच राहील.

शिवाय संकरित बियाणं हाताने तयार होतं. संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचं परागकण लावायचं, फुलामागून फूल. या कामावर आमच्या भागातली घरं चालतात.

काळी कसदार (अकोट)

दादा, पैशाचा प्रश्न खरा आहे. म्हणूनच हे काम सरकारी संस्थेने करायचं आहे. ते झालंही होतं. नागपूरच्या केंद्रीय संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासोबत बिकानेरी नरमा हे सरळ वाण बीटी केलं, २००९ च्या हंगामात शेतकऱ्यांना दिलं. घरची सरकी ठेवा म्हणून सांगितलं. मग त्यात खासगी कंपनीचंच जनुक मिसळलेलं आढळलं आणि ते लगेच थांबवावं लागलं. एका ढिसाळ कारभाराने पूर्ण मार्ग बंद झाला. तो पुन्हा उघडावा एवढंच मी म्हणतो.

सरळ वाणाला झाडामागे बोंडं कमी येतात, पण ते दाट लावता येतं. संकरिताचं पाकीट एवढं महाग की दाट लावणं परवडत नाही, म्हणून आपण विरळ लावून झाड मोठं करतो आणि हंगाम लांबवतो. डवराभाऊ म्हणतात ती फरदड तिथूनच येते. आणखी एक: संकरिताच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत जनुक नसतं. एकेका जनुकाचा हिशेब धरला तर साधारण पाव सरक्या त्याच्याविना असतात. बोंडात बसून सरकी खाणाऱ्या अळीला हे वरदानच. सरळ वाणात प्रत्येक सरकीत जनुक राहतं.

आणि बीटीने काहीच दिलं नाही हे मला मान्य नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काथागे आणि काइम यांच्या अभ्यासात बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्के वाढल्याचं दिसलं. पहिली काही वर्षं हिरवी बोंडअळी खरंच गेली होती, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

डवरा (यवतमाळ)

त्या अभ्यासाची आकडेवारी २००८ पर्यंतची आहे, भाऊ. गुलाबी अळी त्यानंतर उलटली. पहिल्या सहा-सात वर्षांच्या भरवशावर पुन्हा बियाणं मंजूर करू नका, एवढीच माझी हरकत आहे. बीटीचं सरळ, लवकर येणारं वाण सरकारी संस्थेने उद्या दिलं तर मी पहिला रांगेत उभा राहीन. तणनाशकाचं जनुक मात्र त्यात नको. ज्या गावात पाठीवरचा पंप, हातमोजे नाहीत आणि तोंडाला नुसता रुमाल, त्या गावात नको.

सेलूची लेक (वर्धा)

डवरादादा, पंप आत्ताही पाठीवरच आहे. बंदी असूनही ग्लायफोसेट बांधावर, पडीकात, चोरबीटीत मारलं जातंच आहे, आणि मारणारा रोजंदारीचाच माणूस आहे.

काळीदादा, तुमच्या चाचण्यांना माझी हरकत नाही, पण त्या विद्यापीठाच्या ओलिताच्या प्लॉटवर घेऊ नका. आमच्या कोरडवाहू, हलक्या जमिनीत घ्या, सलग तीन खरीप. त्या अहवालात एकरी क्विंटल लिहाल, तणनाशकाचा खर्च लिहाल, तसे त्या गावातल्या बायांचे निंदणाचे किती दिवस बुडाले तेही लिहा, आणि त्या दिवसांची मजुरी कोण देणार ते परवानगीच्या आधी ठरवा.