फोन ओळखले, त्याहून मोठं काहीतरी ओळखलं

'स्टार ट्रेक' या साठच्या दशकातल्या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेने झाकणाचा मोबाईल आणि टॅब्लेट आधीच दाखवले होते, असं नेहमी म्हटलं जातं. मान्य. पण मला त्यातली खरी दूरदृष्टी वेगळ्याच ठिकाणी दिसते.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागायची. इंदूरला रामबागेत आमच्याकडे शेजारची मुलंही सतरंजीवर येऊन बसायची. यातला १९६७ चा एक भाग, 'अ टेस्ट ऑफ आर्मगेडन', जरूर बघा. दोन ग्रहांचं ५०० वर्षं युद्ध चालू आहे, पण बॉम्ब एकही पडत नाही. हल्ला संगणकात होतो, मेलेल्यांची यादी संगणक काढतो, आणि यादीत नाव आलेली जिवंत माणसं २४ तासांच्या आत स्वतःच्या पायांनी मरणाच्या यंत्रात जातात. इमारती शाबूत, रस्ते स्वच्छ. म्हणून कुणाला युद्ध थांबवावंसंच वाटत नाही.

गेल्या वर्षी माझ्या मामांची पेन्शन अचानक बंद झाली. त्यांना घेऊन पेन्शनच्या कार्यालयात गेलो, तर खिडकीपलीकडचा माणूस स्क्रीनकडे बघूनच म्हणाला, "सिस्टममध्ये हे मयत दाखवतंय." मामा समोर उभे, हातात आधार कार्ड. त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही! पुढचे चार महिने आम्ही जिवंत माणूस जिवंत असल्याचे कागद गोळा करत होतो.

यंत्र माणसावर उलटतं, हे याच मालिकेच्या १९६८ च्या 'द अल्टिमेट कॉम्प्युटर' या भागातही आहे. पण मला 'आर्मगेडन'चा भाग जास्त भिववतो. तिथे यंत्र बिघडलेलं नाही. माणसांनीच त्याचा शब्द अखेरचा मानलाय.